एक मिनिट शांतता

१

त्या घरातून चित्रपट निघतात असं सांगितलं असतं तर कुणी विश्वास ठेवला नसता. खाली मोटार ठेवायची खोली होती, तिचा स्टुडिओ झाला होता. रस्त्यावरचा आवाज आत येऊ नये म्हणून भिंतींना जुन्या गाद्या आणि घोंगड्या ठोकलेल्या. वर स्वयंपाकघर, आणि त्याच्या कोपऱ्यात, फ्रिजला चिकटून, एडिटिंगचं टेबल. भांडी घासताना कीबोर्डवर शिंतोडे उडायचे आणि मग थोरला आरडाओरडा करायचा. कंपनी वडिलांनी काढलेली. ते गेल्यावर थोरला दिग्दर्शक झाला, धाकट्याच्या गळ्यात आवाजाचं खातं पडलं आणि थोरल्याच्या बायकोच्या गळ्यात उरलेलं सगळं. म्हणजे कपडे, रंगरंगोटी, चहा, आणि एखादा नट रुसून बसला की त्याची समजूत.

चित्रपट अर्थातच प्रभूचे. रविवारची उपासना आटोपली की चर्चच्या सभागृहात चादर ताणून दाखवायचे. भर समुद्रातलं वादळ न्हाणीघरातल्या टबात झालं होतं. पूर्वेकडून आलेले तिन्ही ज्ञानी पुरुष एकट्या धाकट्याने केले होते, तीन दाढ्या लावून, आणि हे तिघे एकत्र कधीच का दिसत नाहीत असं एका आगाऊ पोरीने भर सभागृहात विचारलं होतं. देवाचा आवाज वडिलांचा असायचा. गच्चीवरच्या रिकाम्या टाकीत डोकं घालून ते बोलायचे, आणि चेष्टा करायला आलेल्यांच्याही अंगावर काटा यायचा.

वडिलांची एक रीत त्या घरात अजून पाळली जात होती. शूटिंग संपलं की त्या खोलीची नुसती शांतता मिनिटभर रेकॉर्ड करून ठेवावी लागते. दोन वाक्यांच्या मध्ये भोक पडलं की तिथे या शांततेचं ठिगळ लावायचं, कारण तिथे काहीच ठेवलं नाही तर ऐकणाऱ्याला आपले कान बसले असं वाटतं. इतर ठिकाणी लोक हे मिनिट जांभया दाबत काढतात. वडील म्हणाले, फुकट कशाला घालवायचं, प्रार्थना करा. "ओठ मिटा, डोळे मिटा आणि मनातलं बोला. जिभेवरचं नको, मनातलं." मिनिट संपलं की आवाज घेणाऱ्याने 'कट' म्हणायचं नाही, 'आमेन' म्हणायचं. आणि शेवटच्या दिवशीची शांतता घेतल्याशिवाय चित्रपट पुरा झाला असं त्या घरात कुणी म्हणायचं नाही, मग तो कितीही पुरा झालेला असो.

यंदाचा चित्रपट आईचा होता. मागच्या हिवाळ्यात डॉक्टरांनी हात टेकले होते. चर्चची मंडळी तिच्या खाटेभोवती गुडघ्यांवर बसून रडली होती, आणि एका सकाळी आई आपली आपण उठली, चप्पल शोधली आणि स्वयंपाकघरात जाऊन सगळ्यांसाठी चहा ठेवला. तीच तिची साक्ष. लाकडी हातांच्या खुर्चीत बसून, कॉलरला माइक लावून, आई ती कॅमेऱ्याला सांगत होती. सगळ्या चर्चेसच्या वार्षिक संमेलनात ती खऱ्याखुऱ्या मोठ्या पडद्यावर दाखवायचं ठरलं होतं. चादरीवर हयात घालवलेल्या थोरल्याचा सगळा जीव त्या पडद्यात अडकला होता.

२

"दादा, शांततेत काहीतरी आहे," धाकटा म्हणाला.

"मच्छर असेल."

"मच्छर 'दूध' म्हणत नाही."

थोरल्याने त्याच्याकडे पाहिलं. धाकट्याला थट्टेची खोड होती, पण आता तो हसत नव्हता. त्याने हेडफोन काढून पुढे केले. सकाळची वेळ होती, बायको मागे कणीक मळत होती आणि आई वरच्या खोलीत पडली होती. थोरल्याने हेडफोन लावले. आधी गाद्या ठोकलेल्या खोलीचा तो ओळखीचा गुबगुबीत सुन्नपणा. मग, धाकट्याने आवाज वाढवत नेला तसा, त्याच्या तळाशी एक कुजबुज. बाईची. बारीक, घाईघाईची.

"दुधाचं पातेलं गॅसवर तसंच राहिलंय. उतू जाऊ देऊ नकोस. आणि गेलंच तर यांच्या आधी मला दिसू दे."

थोरल्याने हेडफोन काढले आणि बायकोकडे वळून विचारलं, "काल खाली प्रार्थना करताना तू काय बोललीस?"

"बोलले? काही नाही बोलले."

"मनात."

ती लाजली. पिठाचा हात तसाच गालाला लागला. "असं विचारतात का कुणाला? काही नाही हो, दूध राहिलं होतं गॅसवर. देवाला काय कमी व्याप आहेत, पण म्हटलं सांगून ठेवावं."

धाकट्याने कॅमेऱ्याची क्लिप लावली. आई खुर्चीत, तिच्या मागे वहिनी उभी. ओठ घट्ट मिटलेले. मिनिटभर ते हलले नव्हते, एकदाही नाही. तिघांनी ती क्लिप पुन्हा पाहिली. मग सूनबाईने कणकेवर ताट झाकलं आणि ती देवाचं नाव घेऊन खाली बसली.

३

थोरला वेडाबिडा नव्हता. तांत्रिक बिघाडांत त्याचं अर्धं आयुष्य गेलं होतं. टॅक्सीवाल्याचा वायरलेस एकदा येशूच्या डोंगरावरच्या उपदेशात घुसला होता, तेव्हा तोच हसून हसून लोळला होता. त्याने खाली जाऊन केबली तपासल्या, माइक बदलले, शेजारी कुणी रेडिओ लावतं का ते विचारून आला. बायकोने नकळत पुटपुटलं असेल, कॅमेऱ्याला दिसलं नसेल. धाकट्याने आवाजाची कुठली तरी जुनी पट्टी खाली ठेवून दिली असेल. माणसाने कारणं शोधायची म्हटली की ती सापडतातच, आणि थोरल्याला तर पोतंभर सापडली.

तरी दुसऱ्या दिवशी धाकटा बाजारात गेलेला पाहून त्याने दार लोटलं आणि या चित्रपटाच्या सगळ्या शांतता एकामागून एक लावल्या.

धाकटा होता. "मला इथून सोडव. दादाला तोंडावर सांगायची हिंमत दे. मला आता दाढ्या लावायच्या नाहीत." थोरल्याला राग आला, आणि रागामुळे जरा धीरही आला. माणसांचेच आवाज होते, घरातलेच.

मग आई. आईचा आवाज ऐकताना त्याने डोळे मिटून घेतले. "परत सुरू झालंय रे देवा. तिथेच, बरगडीखाली. पोरांना सांगितलं नाही, त्यांची फिल्म आहे. पण आता ने मला. खूप झालं. चांगली आहेत पोरं, पण ने."

दुखणं परत आल्याचं थोरल्याला नवीन नव्हतं. वाक्य म्हणता म्हणता आईचा हात बरगडीकडे जायचा, ते त्याने कॅमेऱ्यातून पाहिलं होतं. पाहिलं होतं आणि चौकट जरा वर घेतली होती, हात दिसू नये म्हणून.

त्यानंतर त्याचा स्वतःचा आवाज आला. स्वतःचा आवाज रेकॉर्डमध्ये कुणालाच आवडत नाही, आणि हा तर त्याने कधी काढलाही नव्हता. "फिल्म पुरी होईपर्यंत आईला नेऊ नकोस. एवढंच मागतो. फिल्म पुरी होईपर्यंत."

आणि तो संपतो न संपतो तोच कुणीतरी म्हणालं, "बरं."

बायकोच्या दुधापुढे कुणी काही म्हटलं नव्हतं. धाकट्याच्या, आईच्या प्रार्थनेपुढे नुसती खोली होती. फक्त इथे. आवाज मोठा नव्हता, घुमणारा नव्हता. वडिलांचाही नव्हता, तो त्याने ओळखला असता. गिऱ्हाइकाने सामान सांगावं आणि दुकानदाराने मान खाली घालूनच हो म्हणावं, तसा. पण इतका जवळून, की त्या 'बरं'च्या आधी ओठ सुटे झाल्याचा बारीक आवाजही माइकने पकडला होता.

थोरल्याने तो तुकडा कापून टाकला. कापलं की नाहीसं होतं, ही एडिटिंग करणाऱ्याची जुनी समजूत.

४

त्याच आठवड्यात आईचं जेवण सुटलं. हट्ट म्हणून नव्हे. "खायला हरकत नाही," ती म्हणायची, "पण आत काही चालत नाही गं पोरी. पाणी प्यायले की खाली जाऊन नुसतं साचतं." मग झोप सुटली. मग सूनबाईने एक दिवस खाली उतरून थोरल्याला बाजूला घेतलं.

"आईंच्या गालाला रंग धरत नाही."

"दुसरा लाव."

"सगळे लावून झाले. मेणावर लावावा तसा सरकतो." तिने आपली बोटं एकमेकांवर घासली. "आणि हात गार आहेत हो. गार म्हणजे कसे सांगू? आपले हात गार पडतात तसे नाहीत. टेबलासारखे."

डॉक्टरीणबाईंना बोलावलं. चर्चमधल्याच त्या, आईची जुनी मैत्रीण, घरात शिरल्या की आधी सगळ्यांना एकेक टोमणा मारून घ्यायच्या. त्यांनी नळी आईच्या छातीला लावली. सरकवली. पाठीला लावली. मग ती कानातच ठेवून तिच्या टोकावर बोटाने टकटक केलं, आणि ती त्यांना ऐकू आली असावी, कारण त्यांचा चेहरा उतरला. मनगट धरून बराच वेळ बसल्या. आई त्यांच्याकडे टक लावून पाहत होती.

"काय गं, सापडतंय का काही?" आईने विचारलं.

"नळी बिघडलीय मेली," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "उद्या दुसरी आणते."

जिन्यावर थोरल्याने त्यांना गाठलं. त्या त्याच्याकडे न बघता म्हणाल्या, "तुझी आई बोलतेय ना रे? मघाशी बोलली ना ती माझ्याशी? तू पण ऐकलंस?" तो हो म्हणाला तशा त्या कठड्याला धरून भराभर उतरल्या. त्यांची पिशवी वरच राहिली. ती न्यायला त्या आल्या नाहीत, दुसऱ्या दिवशी नाही, नंतरही नाही.

थोरला वर गेला तेव्हा आई भिंतीकडे तोंड करून पडली होती.

"मी संपलेय रे बाळा," ती शांतपणे म्हणाली. "सगळं थांबलंय, दुखणं तेवढं राहिलंय. मी आपली दाराशी जाऊन उभी राहते. पण कुणीतरी कडी घातलीय, आणि ती माझ्या बाजूने नाही."

 आईच्या खाटेच्या कडेवर बसून थोरला तिचा हात चोळत राहिला, जणू थंडी वाजल्याने गार पडला असावा. तो हात शेवटपर्यंत तसाच राहिला.

५

धाकट्यानेच वहिनीला सांगितलं. कापलेला तुकडा त्याला सापडला होता. आवाजवाला आपल्याकडे सगळ्याची दुसरी प्रत ठेवतो, हे दिग्दर्शक दरवेळी विसरतात. दोघं मिळून थोरल्यासमोर उभी राहिली, स्वयंपाकघरातच, कारण तेवढीच खोली आईपासून लांब होती.

"पुरी कर," धाकटा म्हणाला. "आज कर. काय राहिलंय? तिचं शेवटचं वाक्य आणि एक शांतता."

"वाक्य जमत नाहीये."

"'मी बरी झाले'. एवढंच म्हणायचंय तिला. किती वेळा म्हणाली असेल ती!"

"डोळ्यांत नाही ते. खोटं वाटतं."

"खोटंच आहे ते!" धाकटा असा ओरडला की तिघंही वरच्या खोलीच्या रोखाने पाहू लागली. मग तो खालच्या आवाजात म्हणाला, "दादा, काल तिच्या डोळ्यावर माशी बसली होती. पापणी हलली नाही. ती मला म्हणाली, बाळा, जरा हाकल."

 रोज थोरला आईला उचलून खाली आणायचा, खुर्चीत बसवायचा, दिवे लावायचा. आई वाक्य म्हणायची. "झालं का रे?" असं विचारायची. आणि तो म्हणायचा, "एकदाच, आई. आणखी एकदाच." सूनबाई खोलीत अत्तर शिंपडायची. ते कशासाठी ते कुणी बोलत नव्हतं.

"तुम्हाला आई हवीय की शॉट हवाय?" आज तिने विचारून टाकलं.

थोरल्याने मग जे केलं ते पाहून कुणालाही त्याची कीव आली असती. त्याने फोन उचलला, संमेलनवाल्यांना लावला आणि त्या दोघांसमोर सांगितलं की फिल्म तयार होणार नाही, माझी वाट पाहू नका, पडद्यावर दुसरं काही लावा. फोन ठेवून तो म्हणाला, "घ्या. पडदा सोडला मी. आता तरी म्हणू नका मला फिल्मचं पडलंय."

"मग संपवा ना," ती म्हणाली. "आता कुणासाठी थांबलाय?"

 पडदा सोडल्यावर आपण मोकळे होऊ असं त्याला वाटलं होतं. पण तो तिथे उभा राहून विचार करत होता तो एकाच गोष्टीचा, की उद्या सकाळी वर गेलं तर आई "आलास?" म्हणते. अजून म्हणते.

६

शेवटी आईनेच विषय काढला. थोरला तिला खुर्चीत बसवत होता, दुपारचं ऊन दाराच्या फटीतून तिच्या पायांवर पडलं होतं, आणि ती म्हणाली, "आज वाक्य राहू दे. आज शेवटची शांतता घ्या. त्याशिवाय तुमच्यात पुरं म्हणत नाहीत."

तो तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडला. लहान असताना रडायचा तसा, नाक वाहेपर्यंत. तिने हात उचलून त्याच्या डोक्यावर ठेवला. तो उचलायला तिला फार वेळ लागला.

"घेतो," तो म्हणाला. "मीच मागतो, आई. मीच सांगतो त्याला."

धाकट्याने कॉलरला माइक लावला. कॅमेराही चालू ठेवला, त्या घरात शेवटची शांतता चित्रासकट घ्यायची रीत होती. सूनबाई सासूच्या एका बाजूला उभी राहिली, थोरला दुसऱ्या. धाकट्याने हात वर केला. सगळ्यांनी ओठ मिटले, डोळे मिटले.

आणि थोरल्याने मागितलं. अगदी मनापासून मागितलं, निदान त्याला तसंच वाटलं. ने तिला. सोड तिला. माझी मागणी मी परत घेतो. हेच शब्द तो आतल्या आत पुन्हा पुन्हा म्हणत राहिला, नखं तळहातात रुतेपर्यंत.

"आमेन," धाकटा म्हणाला.

कुणीच डोळे उघडायला तयार नव्हतं. मग खुर्ची किंचित करकरली.

"मी आहे अजून," आई म्हणाली.

 मग सूनबाई कोरड्या आवाजात दिराला म्हणाली, "लावा भाऊजी. ऐकू दे सगळ्यांना." थोरला नको म्हणाला असता, पण नको का, ते सांगावं लागलं असतं.

धाकट्याने हेडफोनची वायर उपटली आणि आवाज बाहेर सोडला. कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर तिघं मिटलेल्या डोळ्यांनी उभी-बसलेली. आधी सूनबाई ऐकू आली, "सोडव त्यांना, बघवत नाही." मग धाकटा, तेच. मग आई. ती काही मागतच नव्हती, फक्त "दार, दार, दार" म्हणत होती.

मग थोरला.

"नेऊ नकोस. हे म्हणतात त्यांचं ऐकू नकोस. माझं ऐक. अजून थोडी राहू दे, कशीही राहू दे, दुखलं तरी दुखू दे. पुरी झालेली नाही फिल्म. मी सांगेपर्यंत पुरी नाही."

"हे मी नाही बोललो," थोरला म्हणाला. "आई, शपथ, हे मी नाही—"

पडद्यावर आईच्या कॉलरचा माइक हलला. कुणाचाही हात जवळ नव्हता. तो आपल्या जागेवरून हळूच वर उचलला गेला, दोन बोटांच्या चिमटीत धरून कुणी तोंडाशी न्यावा तसा, आणि त्यासोबत कॉलरचं कापडही वर ताणलं गेलं. ओठ सुटे झाल्याचा आवाज आला.

"बरं."

माइक पुन्हा कॉलरवर टेकला. कापडाला चिमटीची सुरकुती राहिली. धाकट्याने पडद्यावरून नजर काढून खुर्चीकडे पाहिलं. ती सुरकुती तिथेही होती, आईच्या गळ्याशी, अजून मोडलेली नव्हती.

सूनबाई भिंतीकडे गेली आणि गादीत तोंड खुपसून उभी राहिली, तिथून कुणाला काही ऐकू येऊ नये म्हणून. धाकट्याने गळ्यातले हेडफोन काढले, वायर नीट गुंडाळली, ते टेबलावर ठेवले आणि दार उघडून उन्हात चालू लागला. त्याने मागे वळून पाहिलं नाही, आणि त्या घरात त्याने पुन्हा पाऊलही टाकलं नाही.

आई थोरल्याकडे पाहत होती. तिला सगळं कळलं होतं. ती रागावली असती तर त्याला बरं वाटलं असतं. तिने एकदा डोळे मिटायचा प्रयत्न केला, ते पुरते मिटले नाहीत. मग तिने लाकडी हातांवर भार देऊन, कण्हत, पाठ सरळ केली, आणि सवयीने जीभ ओठांवरून फिरवली. ओठ कोरडेच राहिले.

"तुझ्या बाबांनाही एका टेकमध्ये कधी जमलं नाही," ती म्हणाली. "लाव दिवा, बाळा. पुन्हा घेऊ."

आणि थोरल्याने दिवा लावला.